सोमीला थोडं वाईट वागू दे

तुझी गोष्ट सावकाश वाचली. वाक्य कुठे थांबवायचं हे तुला कळतं, आणि ते कुणी शिकवून येत नसतं, तेव्हा भाषेबद्दल मी काही बोलणार नाही. बोलायचंय ते सोमीबद्दल. तुझी सोमी हंडा घेऊन जाते, हंडा घेऊन येते, वीटभट्टीवर तिचं मूल दगावतं, नवरा दारू पितो, मुकादम लुबाडतो, आणि ती सोसते. अगं, एवढ्या पानांत ती एकदाही कुणावर खेकसलेली नाही. कुणाची चहाडी नाही, एखादं खोटं नाही, कुणाच्या नव्या लुगड्याकडे वाकडा डोळा नाही. अशी बाई तुझ्या पाड्यावर कुठे राहते ते मला दाखव, मी जव्हारहून पहिली एसटी धरून तिला बघायला येते.

राग मानू नकोस. तू खोडाळ्याकडे वाढलीस, तुझ्या घरातली माणसं भट्टीवर गेलेली आहेत, नागलीचं रोप कसं दिसतं हे तुला पुस्तकात बघावं लागत नाही. आणि तरी गोष्ट वाचताना असं वाटत राहिलं की ही मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत गेलेल्या माणसाने लिहिली आहे. तुझा डोळा कमी आहे असं नाही गं. आपल्या भागावर लिहायचं म्हटलं की हात आपसूक एका ठरलेल्या वाटेने जातो, आणि ती वाट आपण पाडलेली नाही.

१९९२-९३च्या सुमाराला जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने लेकरं गेली. तेव्हा पहिल्यांदा जव्हार-मोखाडा ही नावं राज्यभर ऐकू गेली. मंत्री आले, बातमीदार आले, फोटो काढले गेले. त्या बातम्या यायलाच हव्या होत्या, त्याबद्दल दुमत नाही. पण बातमीची एक गरज असते: एका आईच्या चेहऱ्यात तिला हजार आया दाखवायच्या असतात, म्हणून त्या एका आईचं नाव, स्वभाव, कुणाशी पटतं, कुणाशी पटत नाही हे सगळं गाळावं लागतं. गोष्टीचं काम नेमकं उलट. हजारांतली एकच घ्यायची आणि ती उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांसारखी का नाही ते सांगायचं. तू गोष्ट लिहायला बसलीस आणि बातमीची आई उचललीस.

पाण्याचंही तेच झालंय. तुझी सोमी रिकामा हंडा घेऊन टेकाडावर उभी राहते आणि तिच्या मनात येतं की आपल्या उशाला धरण आणि आपल्याच घशाला कोरड. खरंय, मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणेचं १०२ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, २०१४पासून रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मुंबईला जातं, वरच्या अंगाला अप्पर वैतरणा सत्तरच्या दशकापासून आहेच, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर येतो. हे तुला टोचतं, मलाही टोचतं. पण सोमीच्या डोक्यात त्या घडीला मुंबई असेल का? तिच्या डोक्यात असणार की विहिरीच्या तळाला पाणी झिरपायला अजून तासभर लागेल, वाटी-वाटीने हंडा भरायचा, आपल्यापुढे तिघी आहेत, आणि त्यातली एक दुसऱ्या हंड्यालाही नंबर लावते. धरणाबद्दलचं बोलणं तुझं आहे, ते तिच्या तोंडी कोंबू नकोस. फार वाटलं तर लेख लिही, मी वाचीन. गोष्टीत मात्र तिला तिच्या नंबरासाठी भांडू दे. आणि भांडणात ती बरोबर असलीच पाहिजे असंही नाही.

आता तुला वाटेल, ताई म्हणते म्हणजे सोमीला दोन वाईट गुण चिकटवायचे. तसं नाही. कथेच्या शिबिरांतून हे औषध हल्ली फार वाटतात: पात्र सपाट वाटतंय का, मग चांगल्या माणसाला एक खोड द्या, वाईट माणसाला एक हळवी जागा द्या. त्यातून काय होतं, मुकादम गरिबांना लुबाडतो आणि रात्री एकटा बसून आईच्या आठवणीने रडतो. ते रडणं कुणालाही पटत नाही, कारण त्याचा लुबाडण्याशी काडीचा संबंध नसतो.

त्यापेक्षा आपला बोहाडा आठव. मोखाड्याला जगदंबेच्या जत्रेत रात्र रात्र सोंगं नाचतात. गणपती येतो, सरस्वती येते, पुढे रावण, त्राटिका, नरसिंह, शेवटाला देवी आणि महिषासुर. संबळ, सनई, आणि दोन पावलं पुढे दोन मागे असा तो ठेका. बाहेरून आलेली माणसं मुखवट्यांचे फोटो काढतात आणि लिहितात की मुखवट्याआड खरा चेहरा लपलेला असतो. आपल्यात कुणाला असं वाटतं? आत कोण आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. त्याची चाल ओळखता येते, त्याचा गुडघा दुखतो तेही ठाऊक असतं. बायाबापड्या रावणाला हात जोडतात आणि त्याच दमात म्हणतात, औंदा पाय उचलत नाही गं त्याचा, थकला. देव आणि शेजारी, दोन्ही एकाच वेळी दिसतात, कुणालाही मुखवटा काढून बघावासा वाटत नाही. गोष्टीतलं माणूस असं उभं राहायला हवं. तू मात्र सोमीचं ‘खरं रूप’ शेवटच्या पानासाठी झाकून ठेवलंस. माणसाच्या स्वभावाचे थर म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखं एकामागे एक सोलायचं काही असतं, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. आई आणि हट्टी बाई, सोसणारी आणि हिशेब ठेवणारी, सगळ्या पहिल्याच ओळीपासून एकाच अंगावर चालत येऊ देत.

मग हे करायचं कसं? माझी रीत साधी आहे. परिस्थितीने माणसाला काय दिलं ते बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, हिला स्वतःला काय हवंय? पोट भरायला हवंय, पोरगं जगायला हवंय, हे उत्तर नाही चालणार. ते सगळ्यांनाच हवं असतं. दुसरं काहीतरी, थोडं जास्तीचं, मागायला लाज वाटेल असं.

समज, सोमीच्या जावेला घरकुल मिळालं. विटांच्या भिंती, वर पत्रा. सोमीचं घर अजून कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं. जाऊ काही बोलत नाही, पण पावसाळ्यात म्हणते, या गं आमच्याकडे बसायला, तुमच्याकडे गळत असंल. एवढंच. त्या एका वाक्यावर सोमीची झोप उडते. औंदा पाऊस बरा झालाय, भात-नागली घरात आलीय, नवरा म्हणतो यंदा भट्टीवर नको, इथेच मिळेल ते काम करू, पोर लहान आहे. आणि दिवाळीच्या आधी मुकादम पाड्यावर येतो तेव्हा नवरा रानात गेलेला असताना सोमी त्याच्याकडून हंगामाची आगाऊ उचल घेऊन मोकळी होते.

बघ आता काय झालं. तुझी सगळी गोष्ट तशीच आहे. टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरून भिवंडीच्या बाजूला जाणं तेच, पहाटे अंधारात उठून चिखल कालवणं तेच, बाजाराच्या दिवशी मिळणारी खर्ची तीच, मुलाचा तापही तोच. पण आता ते मूल तिथे होतं ते तिच्यामुळे. कुणी तिला तसं म्हणत नाही. नवरासुद्धा नाही, आणि तो म्हणत नाही हेच तिला सोसवत नाही. आधीची सोमी नुसती दयेची धनी होती. या सोमीची दया करता येत नाही, कारण तिच्या जागी आपणही उचल घेतली असती अशी शंका वाचणाराला येते.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. दुसऱ्यांच्या घरांसाठी हजारांनी विटा पाडणारी बाई स्वतःच्या चार भिंतींना तरसते, हे तुला लिहावंसं वाटेल. लिहू नकोस. वाचणाराला ते दिसल्याशिवाय राहत नाही, आणि आपण बोट दाखवलं की त्याची मजा जाते.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०मध्ये आली. वऱ्हाडातलं शिंप्याचं घर, आणि कौतिक नावाची बाई. मराठीत सोसणाऱ्या बायांची कमी नाही, मग कौतिकच का लक्षात राहते? कारण ती आधी ठरवते आणि मग सोसते. नवऱ्याला गाव सोडायला लावते ती तीच. तिच्यात उमेद आहे, पोरांनी शिकावं असं वाटणारी धग आहे, आणि घराची जी परवड होते तिच्यात या उमेदीचाही हात आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात ते पुस्तक असणार, नसलं तर माझ्याकडून ने. पण परत आण. माझी पुस्तकं मोखाड्याच्या बाजूला गेली की तिकडेच नांदतात.

आता मुकादम. तू त्याला सोन्याची चेन आणि गॉगल दिलास आणि सुटलीस. मुकादम बाहेरून येत नाही गं, आपल्यातलाच असतो. पूर्वी तोही चिखल तुडवायला गेलेला असतो. तो घरोघरी उचल वाटतो ती मालकाची. एखादी जोडी उचल घेऊन आली नाही, किंवा मध्येच पळून गेली, तर मालक ते पैसे मुकादमाच्या नावावर टाकतो. म्हणजे तोही दर दिवाळीला कुणावर विश्वास टाकायचा याची चिंता करत हिंडतो. हे एकदा तुला दिसलं की त्याच्या आवाजातली गुर्मी कुठून येते तेही दिसेल. तरी त्याला चांगला करू नकोस. वहीत हजाराला शंभर विटा फुटक्या म्हणून कापू दे त्याला, खुशाल लुबाडू दे. सोमीच्या पोराला रात्री दवाखान्यात न्यायला टेम्पो तोच काढतो, आणि हिशेबाच्या वेळी त्या टेम्पोचं डिझेलही तोच लावतो. दोन्ही करणारा माणूस एकच, आणि डिझेल लावताना त्याला काही खटकत नाही. त्याच्या मते त्यात खटकण्यासारखं काही नाहीच. प्रत्येक माणूस स्वतःच्या हिशेबात बरोबर असतो. तो हिशेब तुला तोंडपाठ पाहिजे, गोष्टीत आला नाही तरी चालेल.

नवऱ्याचं थोडक्यात सांगते. दारू पिणारा माणूस चोवीस तास दारू पीत नसतो. सकाळी तो काय करतो? मुलीची वेणी घालतो असं कर. वाकडी घालतो, पण घालतो. आणि मुलगी तशीच शाळेत जाते, आईने पुन्हा घालायला घेतली तर हात झटकते. बस. दारूबद्दल मग वेगळं काही लिहावंच लागणार नाही.

गोष्टीतले गुरुजी काढून टाक. ते तूच आहेस.

भगताला मात्र ठेव, पण तो नुसता अंधश्रद्धेचा पुतळा नको. धवलेरी तर तुझ्या गोष्टीत नाहीच, याचं मला नवल वाटलं. वारल्यांच्यात लग्न लावते ती बाई, चौक लिहिताना देवादिकांची गाणी तिच्या तोंडी, सगळा मांडव तिच्या शब्दावर. आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. मानकरीण आणि मजूर यांत एका रात्रीचं अंतर. असं माणूस दारात असताना तू आमदाराचा माणूस कशाला आणलास?

आपल्या भागात सगळे गरीब आणि सगळे सारखे, हे बाहेरच्यांनी धरलेलं आहे, आपण कशाला धरायचं? जव्हारला मुकण्यांचं राज्य होतं. महादेव कोळ्यांचं, सुमारे सहाशे वर्षांचं. १९४८ला ते विलीन झालं. जयविलास राजवाड्यात राहिलेले शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले. म्हणजे आदिवासी राजा होता, त्याच्याकडे चाकरीला आदिवासी होते, आणि त्या चाकरांच्या नातवंडांना अजून वाटतं की आपण बाकीच्यांपेक्षा चार बोटं वर. आपल्याकडे कोकणा, वारली, क ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा किती जमाती. कोण कुणाच्या घरी पाणी पितो, कोण कुणाला खालचं समजतो हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. त्यातलं गोष्टीत काहीच नाही. का? आपल्या माणसांची उणीदुणी बाहेर दिसतील म्हणून? भीती मला कळते. पण ज्याला मत्सर नाही, गर्व नाही, जातीचा तोरा नाही असा आदिवासी फक्त सरकारी भिंतीवरच्या चित्रात असतो.

तुला दुसरीही भीती असणार: लोक ओळखतील. मोखाडा केवढा, बाजाराच्या दिवशी सगळे सगळ्यांना दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहिली तेव्हा त्यांच्याही गावाकडची माणसं होती. माझी रीत अशी, एका माणसाची चाल घ्यायची, दुसऱ्याचा धंदा, आणि राग तिसऱ्याचा. सबंध माणूस उचलला की तो तक्रार करतो, आणि खरं सांगायचं तर गोष्टीतही तो नीट हलत नाही. तो खरा कसा वागला असता याचीच आपल्याला काळजी लागून राहते. तुकडे जोडून केलेलं माणूस मात्र आपलं ऐकतं. शेजारणीची जखम मात्र तिला न विचारता घ्यायची नाही. कुणाचं मूल खरंच गेलं असेल तर त्या तापाचे दिवस, त्या दवाखान्याचं बाकडं हुबेहूब उतरवायचं नाही.

बोलण्याविषयी एकच. तुझी माणसं दुःख झालं की दुःखाबद्दल बोलतात. आपल्याकडे कोण बोलतं? मोठी गोष्ट घडली की माणसं भलत्याच लहान गोष्टीवर येतात. सोमी शिमग्याला भट्टीवरून परत येते, तीनच माणसं उतरतात टेम्पोतून. सगळा पाडा बघतो आणि कुणी काही विचारत नाही. जाताना तिने काही कोंबड्या शेजारणीकडे ठेवल्या होत्या. ती सामान खाली ठेवते आणि आधी तिकडे जाते.

“पाच होत्या माझ्या.”

“चारच होत्या गं.”

“पाच. तांबडी कुठंय?”

“मुंगसानं नेली असंल.”

“मुंगूस तांबडीच बरी नेतो. काळ्या नाही दिसत त्याला?”

शेजारीण तिच्याकडे बघते. तांबडी तिनेच पाहुण्यांना कापलेली आहे, आणि एरवी तिने सोमीला उभी चिरली असती. पण आज ती आत जाऊन स्वतःची एक कोंबडी आणून हातात देते. सोमी ती परत फेकते. ही नको, माझी तांबडी होती. मग जे भांडण जुंपतं ते पाड्याच्या टोकाला ऐकू जातं, आणि त्यात मुलाचं नाव एकदाही येत नाही.

हे मी तुला रचून दाखवलं, हेच घे असं म्हणत नाही. तुझ्या घरी याहून चांगलं सापडेल. पण बघ, इथे शेजारीण दोन ओळींत माणूस झाली. तिने चोरी केलीय, तिला दया आलीय, आणि दया नाकारली गेल्यावर तिला खराखुरा राग आलाय.

बोली किती वापरायची हे तू विचारलं होतंस. थोडी. उच्चार लिहिण्यात जीव काढू नकोस, वाक्याची मोडणी आपल्याकडची ठेव. वाचणारा नांदेडचा असला तरी त्याला आवाज कळला पाहिजे, प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असं नाही.

आता काम. सगळी गोष्ट पुन्हा लिहायला घेऊ नकोस, कंटाळशील. फक्त उचल घेतल्याचा प्रसंग लिही. मुकादम ओट्यावर बसलेला, नवरा घरात नाही, पोर कडेवर. सोमीने पैसे मोजून घ्यायचे आणि ते कुठे ठेवायचे ते ठरवायचं. कुडात खोचते, की तांदळाच्या कणगीत, की कमरेला लावते, ते मला सांगू नकोस, लिही. आणि नवरा संध्याकाळी आल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलते ते. खरं बोलते की दुसरंच काहीतरी काढते? तेवढी दोन-तीन पानं झाली की पाठव. येत्या रविवारी मी जव्हारलाच आहे, दुपारी बाजार करून आलीस तर जेवायलाही ये, माझ्याकडे वरईचा भात असेल. आणि येताना सुकट आण, इकडची महाग पडते.